गटाची ओपीडी: दहा खुर्च्या, दहा केसपेपर

मागच्या अंकात या सदरात ‘गटाच्या ओपीडी’चा ओझरता उल्लेख आला होता. एकाच आजाराचे किंवा एकाच औषधावर असलेले आठ-दहा रुग्ण, डॉक्टर, सिस्टर आणि गट चालवणारी एक व्यक्ती दीड तास एका खोलीत बसतात. प्रत्येकाचे रिपोर्ट सगळ्यांसमोर पाहिले जातात आणि प्रत्येकाचं औषध तिथंच ठरतं. आलेली पत्रं वाचून असं दिसतं, की निम्म्या वाचकांना हे आरोग्य शिबिर वाटलं आणि उरलेल्यांना भजनी मंडळ. दोन्ही नाही. त्या दिवशीचे तुमचे आकडे बघून तुमच्या नावाने औषध लिहिलं गेलं नसेल, तर झालं ते व्याख्यान. त्यासाठी अर्धा दिवस मोडू नका.

“मधुमेहाच्या डॉक्टरांनी ‘पुढच्या वेळी गटात या’ असं सांगितलं. वय ६८, आयुष्य याच गावात शिकवण्यात गेलं. ज्यांना शिकवलं त्यांच्यादेखत माझी शुगर फळ्यावर लिहिणार का? आणि मला एकट्याला वेळ मिळणार नसेल, तर जायचं कशाला?” — निवृत्त शिक्षक, सातारा

सर, फळ्यावर आकडे लिहितात, पण तुम्हाला विचारल्याशिवाय नाही. साधारण पाच रकाने असतात: नाव, तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीए१सी, बीपी, वजन आणि ‘माझा आजचा प्रश्न’. नावाऐवजी खुर्चीचा नंबर चालतो. एखादा रकाना कोरा ठेवा म्हणालात तर तो कोराच राहिला पाहिजे, कारण विचारायचं नाही. फळ्याचा उपयोग असा, की ९.२ वाला ७.१ वाल्याला विचारतो, “तुम्ही रात्री काय जेवता?” हा प्रश्न तो डॉक्टरांना विचारत नाही, कारण डॉक्टर काय म्हणणार हे त्याला पाठ असतं.

नव्वद मिनिटांतली पाच-सहा मिनिटं निव्वळ तुमची असतात. तुमचे रिपोर्ट, तुमची गोळी, तुमचा बदल. गर्दीच्या ओपीडीत याहून जास्त मिळतात का, ते तुम्हीच आठवून बघा. बाकीचा वेळ इतरांचा असतो, पण तुम्ही विचारायचं विसरलेलं त्यातलं कोणी ना कोणी विचारतं.

जाताना वही नको, ग्लुकोमीटरच न्या. वहीत सगळ्यांची शुगर सुवाच्य अक्षरात १४० असते, मीटरच्या मेमरीत खरी असते. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स एका पिशवीत घाला. गुडघेदुखीची गोळी आणि आयुर्वेदिक चूर्णसुद्धा. रोजच्या वापरातल्या चपला घालून जा, ठेवणीतल्या नकोत. सिस्टर चपलेच्या आत हात फिरवून वर आलेला खिळा, झिजलेली कड बघतात. मग तुम्हाला डोळे मिटायला सांगून तळपायाला १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा वाकेपर्यंत टेकवतात. टेकल्याचं कळलं नाही, तर पायाची संवेदना कमी झाली आहे. हे सगळ्यांसमोर चालतं. पोटाची तपासणी मात्र पडद्याआडच व्हायला हवी. इन्शुलिन घेणाऱ्याने आग्रहाने करून घ्यावी अशी ही तपासणी आहे. रोज एकाच जागी सुई टोचली की तिथे कातडीखाली गाठ धरते. ती दुखत नाही, म्हणून माणूस मुद्दाम तिथेच टोचतो आणि इन्शुलिन कधी लागू पडतं, कधी नाही. डॉक्टर डोस वाढवत राहतात, शुगर हलत नाही. गाठ सापडल्यावर जागा बदलायची, पण डोसबद्दल त्याच दिवशी विचारायचं. चांगल्या जागी तोच डोस पूर्ण शोषला जातो आणि शुगर एकदम खाली जाऊ शकते.

आणखी एक. उपाशीपोटी जाऊ नका. एचबीए१सीला उपाशी राहावं लागत नाही. फास्टिंगचं रक्त घ्यायचं असेल तर ते सकाळी देऊन, नाश्ता करून, गोळी-इन्शुलिन घेऊन मग गटात बसा. सकाळचं इन्शुलिन घेऊन नाश्ता न करता आलेला माणूस तासाभराने घामाघूम होतो आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं. शुगर ७० च्या खाली गेली, की १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, म्हणजे चहाचे तीन चमचे, पाण्यातून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची. असा डबा खोलीत ठेवलेला आहे का, हे आत शिरताना बघून घ्या.

“हे अमेरिकेतून आलेलं नवं फॅड दिसतं.” — वाचक, डोंबिवली

अमेरिकेतून आलं हे खरं, नवं नाही. बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ प्रॅट यांनी १९०५ मध्ये सॅनेटोरियमचा खर्च न झेपणाऱ्या क्षयरुग्णांचे वर्ग भरवायला सुरुवात केली. दर आठवड्याला रुग्ण जमत, वजनं घेतली जात, प्रत्येकाने लिहून आणलेली वही तपासली जात असे. आजच्या स्वरूपाची सुरुवात १९९१ मध्ये कोलोरॅडोत वृद्धांसाठी डॉ. जॉन स्कॉट यांनी आणि १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात मानसशास्त्रज्ञ एडवर्ड नॉफसिंगर यांनी केली. आपल्याकडचं नाव घ्यायचं तर पुद्दुचेरीचं अरविंद नेत्र रुग्णालय. तिथे काचबिंदूच्या १००० रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन भागांत विभागणी केली होती. निम्म्यांना एकेकटं तपासलं, निम्म्यांना पाच-पाचच्या गटात. गटातल्यांना आजाराची माहिती जास्त राहिली आणि डोळ्यांत थेंब घालण्यात ते जास्त नियमित राहिले.

“मुलगा २९ वर्षांचा. स्किझोफ्रेनिया आहे, पाच महिन्यांपासून क्लोझापिन चालू आहे. डॉक्टर म्हणतात, क्लोझापिनच्या गटात आणा. तो चार माणसांत तोंड उघडत नाही. आणि दुसऱ्यांना काय काय आवाज येतात ते ऐकून हा बिघडणार नाही ना?” — आई, नाशिक

ताई, गटात बोलण्याची सक्ती नसते. नाव सांगून ‘आज ऐकतो’ म्हटलं तरी हजेरी लागते. पहिल्या वेळी त्याला दाराजवळची खुर्ची मागून घ्या. उठून बाहेर जाता येतं हे कळलं, की बहुतेक जण उठत नाहीत. स्किझोफ्रेनियाचा गट मधुमेहापेक्षा लहान हवा: सहा ते आठ जण आणि एक तास. त्याहून जास्त वेळ लक्ष टिकत नाही.

तुमची भीती गैर नाही. म्हणूनच चांगला चालवणारा तिथे आवाज काय बोलतात याची वर्णनं होऊ देत नाही. आवाज कमी आहेत की जास्त, झोप किती, गोळी चुकली का, एवढंच विचारतो. कोणी तपशिलात शिरलं, की ‘हे आपण आतल्या खोलीत बोलू’ म्हणून पुढच्याकडे वळतो. पहिल्या बैठकीत असं होताना दिसलं नाही, तर पुढच्या वेळी नेऊ नका. ज्या आठवड्यात त्याची झोप उडाली आहे, येरझारा चालल्या आहेत किंवा ‘लोक माझ्याबद्दलच बोलतात’ असं तो म्हणतो आहे, त्या आठवड्यात गट टाळा आणि त्याला एकट्याला दाखवा.

क्लोझापिन हे गटासाठी अगदी साजेसं औषध आहे. एक तर सगळ्यांना रक्त द्यायला यावंच लागतं. पांढऱ्या पेशी घसरत नाहीत ना, हे पाहण्यासाठी सर्वसाधारणपणे पहिले १८ आठवडे दर आठवड्याला तपासणी करतात, मग हळूहळू महिन्यावर नेतात. पुढचं अंतर डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घ्या. दुसरं, या औषधाचे त्रास सांगायला लाजवणारे आहेत. रात्री लाळ गळून उशी भिजते. आईला कळू नये म्हणून उशीवर टॉवेल टाकून पहाटे तो बाथरूममध्ये पिळणारी मुलं आहेत. गटात एकाने ‘माझी उशी ओली होते’ म्हटलं, की आणखी तिघे मान हलवतात आणि डॉक्टर त्यावर उपाय सांगू शकतात.

बद्धकोष्ठाचंही तसंच. इतर औषधांत ती किरकोळ तक्रार असते, क्लोझापिनमध्ये नसते. आतडी मंदावून जिवावर बेतू शकतं. तीन दिवस शौचाला झालं नाही, तर गटाच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा. पोट फुगलं, उलटी झाली, तर सरळ दवाखान्यात. ताप आला किंवा घसा दुखला, तर त्याच दिवशी रक्त तपासायचं.

गटातून घरी येताना दोन गोष्टी मात्र चुकीच्या येऊ शकतात. ‘तुला ४००, मला २००, म्हणजे तुझा आजार मोठा’ ही पहिली. डोस शरीरावर ठरतो आणि बिडी-सिगारेटवरसुद्धा. धुरामुळे यकृत हे औषध लवकर संपवतं, म्हणून ओढणाऱ्याला जास्त लागतं. त्याने ओढणं एकाएकी सोडलं, तर त्याच डोसने औषध रक्तात साचतं आणि गुंगी येते. सोडायचं जरूर, पण डॉक्टरांना आधी सांगून. हा परिणाम धुराचा आहे, तंबाखू-मिश्रीचा नाही. दुसरी गोष्ट, ‘माझ्या गोळ्या चार दिवस राहिल्या होत्या, काही झालं नाही’ असं सांगणारा कोणीतरी भेटतो. ४८ तासांहून जास्त खंड पडला असेल, तर जुना डोस घरी सुरू करायचा नाही. पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढवावं लागतं, नाहीतर बीपी एकदम कोसळू शकतं.

“मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार उधाणतं, कधी फार खचतं. त्यावर लिथियम घेते. आयटी कंपनीत आहे. गटात ऑफिसचं कोणी निघालं तर? आणि गट म्हणजे सगळ्यांना सरसकट सल्ला, असंच ना?” — वाचक, पुणे

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे खरा धोका आहे. एखाद्या गटात बीपीवाले आहेत आणि डॉक्टर म्हणाले, “सगळ्यांनी मीठ कमी करा.” लिथियम घेणाऱ्या बाईने ते मनावर घेतलं, तर मूत्रपिंड सोडियम धरून ठेवायला लागतं आणि त्याबरोबर लिथियमही. मग ते रक्तात वाढून हात थरथरायला लागू शकतात. म्हणून गटात सल्ला माणसागणिकच द्यायचा असतो. ‘सगळ्यांनी’ हा शब्द ऐकलात, की हात वर करून विचारा, “लिथियमवाल्यांनी पण का?”

हेच उपवासाचं. आषाढीचा उपवास करायचा असेल तर करा, पण पाणी आणि मीठ चालू ठेवा, निर्जळी नको. जुलाब-उलट्या लागल्या, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा. अंगदुखीवर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मेडिकलमधून आणून घेऊ नका, त्यांनी लिथियम वाढतं. पॅरासिटामॉल चालतं. बीपीच्या गोळ्यांतही टेल्मिसार्टनसारख्या काही गोळ्यांनी आणि लघवी वाढवणाऱ्या, म्हणजे ‘पाण्याच्या’, काही गोळ्यांनी ते वाढतं, म्हणून बीपीच्या डॉक्टरांना लिथियमचं नाव सांगायलाच हवं.

लिथियमची पातळी मोजण्यासाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं असतं. रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त, सकाळचा डोस असेल तर तो रक्त दिल्यावर. गट चारला आहे म्हणून दुपारी तीनला रक्त दिलंत, तर आकडा खोटा येतो आणि त्यावरून ठरलेला डोसही चुकतो. आकडा साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान अपेक्षित असतो. थायरॉइड, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि कॅल्शियम सहा महिन्यांनी. मोठी थरथर, जीभ जड होणं, चालताना झोक जाणं, उलट्या-जुलाब यांतलं काही दिसलं, तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता ऑफिसचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने तुमची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन उपचार करणाऱ्यांवर घातलं आहे. शेजारच्या खुर्चीवरचा रुग्ण त्या कलमात येत नाही. म्हणून प्रत्येकाकडून ‘इथलं इथेच’ अशी लेखी सही घ्यायची पद्धत आहे, आणि ती दर बैठकीला घ्यायला हवी, कारण दर वेळी कोणी नवा असतो. मोबाइल दाराशी टोपलीत. आडनाव, कंपनी, सोसायटी सांगायची नाही. बाहेर गाठ पडली तर समोरच्याने आधी ओळख दाखवल्याशिवाय आपण दाखवायची नाही. हे चारही नियम सुरुवातीला मोठ्याने सांगितले गेले नाहीत, तर तो गट कच्चा समजा. ‘माझ्या कंपनीचं कोणी आहे का’ याचं उत्तर तुम्हाला मिळणार नाही, मिळूही नये. उलट करा: नाव नोंदवताना तुमच्या कंपनीचं आणि सोसायटीचं नाव देऊन ‘इथलं कोणी असेल तर मला दुसऱ्या गटात घाला’ असं सांगा.

“छोट्या गावात जनरल प्रॅक्टिस आहे. महिन्यातून एकदा सांगलीहून मानसोपचारतज्ज्ञ येतात. डायबेटिस आणि डिप्रेशन दोन्ही असलेले बरेच रुग्ण आहेत. गट सुरू करायचा आहे. किती जण, कोण लागतं, काय चुकतं?” — डॉक्टर, इस्लामपूर परिसर

डॉक्टर, आधी हेतू पक्का करा. वेळ वाचवायला म्हणून सुरू करणार असाल तर नका करू. दहा जणांना सहा-सहा मिनिटं म्हटलं तरी तास लागतोच, वर तयारी वेगळी. फायदा आहे तो एवढाच, की तीच गोष्ट दहा वेळा सांगावी लागत नाही आणि रुग्ण ती एकमेकांकडून ऐकतात.

माणसं: बारा जणांना बोलवा, नऊ-दहा येतील. पाचाच्या खाली बोलणं रंगत नाही, पंधराच्या वर प्रत्येकाला चार मिनिटंही मिळत नाहीत. तुम्ही सोडून तिघे हवेत. एक सिस्टर, एक गट चालवणारी व्यक्ती, म्हणजे एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी घेतलेली), समुपदेशक किंवा तुमची अनुभवी सिस्टर, पण सुया टोचणारी आणि गट चालवणारी एकच नको, आणि एक लिहिणारा. या लिहिणाऱ्यावर सगळे काटकसर करतात आणि तिथेच फसतात. लिहायला कोणी नसलं, की डॉक्टर ‘नंतर लिहितो’ म्हणतात आणि नंतर दहाही केसपेपरांवर एकच मजकूर उमटतो. बोलणं चालू असतानाच लिहून व्हायला हवं, तुम्ही फक्त वाचून सही करायची.

कोणाला घ्यायचं नाही: पहिल्यांदाच येणारा, कालच निदान झालेला, उन्मादात असलेला, आत्महत्येचे विचार चालू असलेला, नशेत आलेला, स्मृतिभ्रंश बराच वाढलेला, खोकल्याचं निदान न झालेला. ऐकू न येणाऱ्याला सोय केल्याशिवाय बसवू नका, तो दीड तास नुसता हसतो. नुकत्याच आजारी पडलेल्या विशीतल्या मुलाला तीस वर्षांच्या जुन्या रुग्णांत बसवू नका. त्याला वाटतं, आपलंही हेच होणार.

खोली: खुर्च्या अर्धगोल, मध्ये टेबल नको. ओळीत मांडल्या की शाळा होते आणि तुम्ही भाषण सुरू करता. शेजारी दाराची आणखी एक छोटी खोली हवीच, ती नसेल तर गट करू नका.

आठवडाभर आधी प्रत्येकाला फोन: कोणती तपासणी, उपाशी की नाही, कधी. गट बिघडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे रिपोर्ट आलेले नसणं. आकडे नाहीत म्हणजे ठरवायला काही नाही, मग वेळ भरायला आहारावर प्रवचन. लॅबचा माणूस आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत रिपोर्ट देतो की नाही, याची खात्री झाल्यावरच तारीख काढा.

त्या दिवशी वीस मिनिटं आधी बोलवा. वजन. कंबर, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावून: पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या वर, बायकांची ८० च्या वर असेल तर खूण करा. ओलॅन्झापिनसारख्या मानसिक आजारावरच्या गोळ्या घेणाऱ्यांत ही खूण शुगरच्या आधी दिसते. बीपी पाच मिनिटं शांत बसल्यावर, हात हृदयाच्या पातळीवर टेकवून. नैराश्याची नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ प्रश्नावली याच वेळी भरून घ्या आणि तिचा नववा प्रश्न, ‘मेलेलं बरं’ असे विचार येतात का हा, सिस्टरने गट सुरू व्हायच्या आत वाचलेला असला पाहिजे. संध्याकाळी वाचून उपयोग नाही.

मग दहा मिनिटं नियम आणि ओळख, तासभर फेरी, शेवटी दहा-पंधरा मिनिटं सामायिक प्रश्न. फेरीची सुरुवात अवघड रुग्णापासून करू नका, त्यातच अर्धा तास जातो. बडबड्याला चालवणाऱ्याने आवरायचं, डॉक्टरांनी नाही. डॉक्टरांनी टोकलं तर तो दुखावतो. कारल्याचा रस किंवा ‘माझी गोळी तुम्हीही घ्या’ निघालं, की हसण्यावारी नेऊ नका. एका वाक्यात सांगा: रस प्यायलात तरी चालेल, गोळी सोडायची नाही, दुसऱ्याची घ्यायची नाही. संपल्यावर अर्धा तास छोट्या खोलीत बसा. गुप्तरोग, शरीरसंबंध, नवऱ्याची मारहाण, पैशाची ओढाताण हे तिथेच निघतं. डिप्रेशनच्या गोळ्यांनी शरीरसंबंधात येणाऱ्या अडचणीवर कोणी गटात बोलत नाही, पण तेवढ्यासाठी गोळी सोडून देतात. तुम्हीच गटात म्हणा, “काहींना असा त्रास होतो, नंतर भेटा.” भेटतात.

आणि वेळेवर या. दहा माणसं ताटकळत असताना मागे चालू होते ती गटाची नव्हे, तुमची चर्चा.

“गटातच कोणी म्हणालं, ‘आता जगावंसं वाटत नाही’, तर बाकीच्यांसमोर काय करायचं?” — वैद्यकीय समाजसेविका, लातूर

गटात समजूत घालत बसू नका आणि इतरांनाही घालू देऊ नका. ‘मुलांकडे बघा’ हे वाक्य हमखास येतं आणि माणूस गप्प होतो. एका वाक्यात पोच द्या: “सांगितलंत ते बरं केलंत, आपण आत्ताच आत बसू.” सहकाऱ्याबरोबर छोट्या खोलीत न्या, एकटं सोडू नका, घरीही एकटं पाठवू नका. डॉक्टरांनी फेरी तिथेच थांबवून त्यांना आधी बघायचं. थेट विचारा: मरण्याचे विचार येतात का, काही ठरवलं आहे का, साधन हाताशी आहे का. विचारल्याने विचार वाढत नाहीत. घरात शेतीची औषधं असतील, तर ती त्याच दिवशी नातेवाइकाने कुलपात किंवा दुसऱ्याच्या घरी हलवायची. गोळ्या आठवड्यापुरत्या आणि दुसऱ्याच्या ताब्यात. घरच्यांना फोन करण्याआधी रुग्णाला सांगा, पण जिवाला धोका असेल तर गुप्ततेच्या नियमाला कायद्यातच अपवाद आहे. रात्री-बेरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून द्या, मराठीतही बोलता येतं.

गटाकडे परत यायला विसरू नका. ‘त्यांना डॉक्टर बघताहेत’ एवढंच सांगा आणि कोणाला हे ऐकून जड गेलं का, विचारा. बहुधा एक तरी हात वर होतो.

“सासूबाईंना (७१) जीपी सर्जरीकडून, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्याकडून, बीपी-डायबेटिसच्या व्हिडिओ ग्रुप क्लिनिकचा मेसेज आला आहे. त्यांना इंग्रजी समजतं, पण बोलवत नाही.” — वाचक, स्लाऊ, इंग्लंड

जाणं ऐच्छिक आहे. ‘एकटीलाच दाखवायचं आहे’ असं कळवलं तरी उपचारात फरक पडता कामा नये. जायचं ठरलं तर दुभाषा मागा. एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य सेवेत, त्याचे पैसे पडत नाहीत. तुम्ही शेजारी बसू शकता, पण कॅमेऱ्याबाहेर लपून नाही. खोलीत कोण आहे हे सुरुवातीला सांगावं लागतं. दुभाषी मात्र तुम्ही होऊ नका. सुनेच्या तोंडून सासूबाई लघवीची तक्रार सांगणार नाहीत.

तिथे सुरुवातीला फक्त गट चालवणारी व्यक्ती असते, डॉक्टर किंवा नर्स मधला काही वेळ येतात. त्यामुळे सासूबाईंचा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत चॅटमध्ये तुम्ही टाइप करून ठेवा. आकड्यांचा तक्ता सगळ्यांना दिसतो, त्यासाठी आधी संमती विचारतात. टॅबवर तुमच्या ऑफिसचं नाव झळकत असेल तर ते बदलून फक्त त्यांचं नाव ठेवा. घरचं बीपी सात दिवस सकाळ-संध्याकाळ, दर वेळी मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून लिहा. पहिल्या दिवसाचे आकडे सरासरीत धरत नाहीत.

“आम्ही पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभांना जातो. मग हे वेगळं कशाला?” — वाचक, पुणे

मित्रमंडळात डोस बदलून मिळत नाही, आणि ओपीडीत दुपारभर गप्पा मारता येत नाहीत. सभा सोडू नका. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेचे किंवा स्किझोफ्रेनियासाठी काम करणाऱ्या पुण्याच्या ‘सा’ संस्थेचे स्वमदत गटही याच जातीचे.

“फी निम्मी असायला हवी ना?” — वाचक, कोल्हापूर

आधी विचारून घ्या. आमचं मत असं, की प्रत्येकाची तपासणी आणि औषध वेगळं होत असेल, तर डॉक्टरांनी नेहमीची फी घेण्यात गैर नाही. नुसतं ऐकवून पाठवत असतील, तर निम्मीही जास्त आहे. पावती स्वतःच्या नावाची मागा. आणि प्रिस्क्रिप्शनवर ‘पूर्वीप्रमाणेच’ एवढंच लिहिलं असेल, तर औषधांची नावं, डोस आणि पुढची तारीख घालून घ्या.

“बायकोला डिप्रेशन आणि बीपी. तिला सुट्टी मिळत नाही. तिच्याऐवजी मी बसलो तर?” — वाचक, चिपळूण

नाही. तुमचं बीपी मोजून तिची गोळी ठरत नाही. तिची संमती असेल तर तिच्याबरोबर या, आणि तिने तुम्हाला मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १४ खाली लेखी नामनिर्देशित प्रतिनिधी नेमलं असेल तर उत्तमच. तरीही बसायचं तिच्या मागे, आणि तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही द्यायचं नाही. नवऱ्याने उत्तर दिलं, की फेरीतली तिची सहा मिनिटं नवऱ्याची होतात. खरंच जमत नसेल तर संध्याकाळचा किंवा रविवारचा गट आहे का ते विचारा. नसेल तर साध्या ओपीडीत तिचा नंबर लावा.